वादळाला नाव मिळण्याआधी

ह्यूस्टनपासून टॅम्पापर्यंतच्या आखाती किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी घरांत हरिकेनची पहिली खबर पुष्कळदा पुण्या-ठाण्याहून येते. तिकडच्या वाहिनीवर ढगांचं पांढरं चक्र फिरताना दिसतं आणि लगेच फोन येतो, "तुमच्या बाजूला वादळ येतंय ना रे?" तोवर वादळाला नाव मिळालेलं असतं, दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या संपलेल्या असतात आणि गॅस स्टेशनवर रांग लागलेली असते. तयारीसाठी खरा उपयोगाचा काळ असतो तो त्याच्या आधीचा, म्हणजे वादळ अजून समुद्रावरचा ढगांचा एक विस्कळीत पुंजका असतो तेव्हाचा. तो पुंजका ओळखायला हवामानशास्त्राची पदवी लागत नाही. हंगामात रोज पाच-दहा मिनिटं काढायची आणि नेमकं काय बघायचं ते माहीत असायचं, एवढं पुरतं.

आधी डोक्यातलं वेळापत्रक बदलायला हवं. कोकण-मुंबईतून आलेल्यांच्या मनात वादळाचे महिने ठरलेले असतात: पावसाच्या तोंडावर, नाहीतर पाऊस गेल्यावर. २०२० चं निसर्ग ३ जूनला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, २०२१ चं तौक्ते मे महिन्यात किनाऱ्याच्या कडेकडेने गुजरातकडे गेलं. एकदा मान्सून नीट बसला की अरबी समुद्रात मोठं चक्रीवादळ उभं राहणं अवघड होतं, कारण खालचा वारा जोरदार पश्चिमेचा आणि फार उंचावरचा जोरदार पूर्वेचा असतो. अटलांटिकमध्ये मात्र जुलै उलटला की धोका चढत जातो. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मोजतात, पण खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो, आणि आजवरच्या नोंदींप्रमाणे १० सप्टेंबर हा त्याचा कळस. म्हणजे नेमके आपले गणपती-नवरात्राचे दिवस. मंडळाने हॉल घेतलेला असतो, भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात, आणि त्याच आठवड्यात समुद्र सर्वांत तापलेला असतो.

कोणत्या महिन्यात नकाशावर कुठे बघायचं हेही ठरलेलं आहे. जूनमध्ये आफ्रिकेकडे बघण्यात फारसा अर्थ नसतो. मेक्सिकोचं आखात, कॅरिबियनचा पश्चिम भाग आणि फ्लोरिडा-कॅरोलायनाच्या समोरचा समुद्र बघायचा. इथे तयार होणारी वादळं बहुधा दुबळी असतात, पण ती अगदी दारातच जन्मतात. हाताशी दोन-तीन दिवस मिळाले तरी नशीब. २००१ मध्ये हंगाम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा अ‍ॅलिसन नावाचं ट्रॉपिकल स्टॉर्म टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं. वारा फार नव्हता. ते आत गेलं, रेंगाळलं, परत फिरलं आणि ८ जूनच्या रात्री ह्यूस्टनवर असं कोसळलं की टेक्सास मेडिकल सेंटरच्या तळघरांत पाणी भरलं. हरिकेनच्या ताकदीला कधीही न पोचता ज्याचं नाव यादीतून कायमचं काढलं गेलं, असं अटलांटिकमधलं ते पहिलं वादळ. "नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म आहे" हे वाक्य ह्यूस्टनमध्ये कुणी म्हणू नये ते यासाठी.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र नजर थेट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर न्यायची. उत्तरेला तापलेलं सहारा आणि दक्षिणेला गिनीच्या आखाताची गार, दमट हवा, या दोहोंमधल्या फरकामुळे साधारण तीन किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याचा एक वेगवान पट्टा वाहतो. तो सरळ वाहत नाही, नागमोडी होतो, आणि त्या वळणांतून दर तीन-चार दिवसांनी एक लहर किनारा ओलांडून समुद्रावर येते. इकडे तिला ट्रॉपिकल वेव्ह म्हणतात. एका हंगामात अशा साठेक लहरी येतात. बहुतेक काहीच करत नाहीत, कॅरिबियन बेटांवर पाऊस पाडून विरून जातात. पण कॅटेगरी ३ आणि त्यावरच्या मोठ्या हरिकेनांपैकी सुमारे ८५ टक्के यांच्यातूनच जन्मतात. आफ्रिका सोडल्यापासून कॅरिबियनपर्यंत यायला लहरीला आठवडाभर लागतो, म्हणून या वादळांची चाहूल सर्वांत लवकर घेता येते. ऑक्टोबर लागला की पुन्हा पश्चिम कॅरिबियन आणि आखाताकडे वळायचं.

लहर दिसली म्हणून घाबरायचं कारण नसतं. ती पोसली जाणार का, हे तीन गोष्टींवरून ठरतं.

पहिली गोष्ट समुद्राचं तापमान. सुमारे २६.५ अंश सेल्सियसहून गरम पाणी हवं, आणि ते नुसतं वरच्या थरात असून चालत नाही. वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर आणतं. वरचा गरम थर पातळ असेल तर वादळ स्वतःचंच इंधन विझवतं. मेक्सिकोच्या आखातात लूप करंट नावाचा प्रवाह कॅरिबियनचं गरम पाणी खोलवर घेऊन येतो, म्हणून त्याच्यावरून जाणारं वादळ बघताबघता उग्र होतं. २००५ मध्ये कॅट्रिना आणि रिटा दोन्ही तशीच फुगली होती.

दुसरी गोष्ट विंड शिअर, म्हणजे खालच्या आणि वरच्या वाऱ्यांच्या दिशेत-वेगात असलेला फरक. फिरत्या भोवऱ्याला वरून कडेला धक्का दिला की तो कलंडतो, तसंच इथे होतं: ढगांचा माथा एका बाजूला ढकलला जातो आणि चक्राचं केंद्र उघडं पडतं. एल निनोच्या वर्षी अटलांटिकवर शिअर वाढतो आणि वादळं कमी होतात, ला निनाच्या वर्षी उलट. पण वर्षाच्या अंदाजावर घर सोपवू नका. शांत हंगामातलं एकच वादळ तुमच्या गल्लीत आलं तर त्या वर्षाची सरासरी काय कामाची?

तिसरी गोष्ट कोरडी हवा. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सहारावरून धुळीने भरलेली कोरडी हवा अटलांटिक ओलांडून येते, आणि तिचे लोट टेक्सासपर्यंत पोचतात. ह्यूस्टनमध्ये काही दिवस आकाश निळं न राहता दुधट दिसतं, गाडीच्या काचेवर बारीक भुकटी बसते, दम्याच्या माणसांना त्रास होतो. ते दिवस दिसले की समजावं, मधल्या अटलांटिकमध्ये सध्या लहरींची उपासमार चालू आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात धूळ ओसरते आणि ते कवाड उघडतं.

आता रोजच्या पाच मिनिटांकडे येऊ. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर १५ मेपासून दिवसातून चार वेळा अटलांटिकचा आढावा प्रसिद्ध करतं. ह्यूस्टनच्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात तो पहाटे एक, सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सात वाजता येतो. सकाळी चहाबरोबर सातचा वाचायचा. नकाशावर पिवळा, नारिंगी किंवा लाल पट्टा दिसतो: वादळ तयार होण्याची शक्यता ४० टक्क्यांखाली असेल तर पिवळा, ४० ते ६० असेल तर नारिंगी, त्यावर लाल. बहुतेक लोक इथेच फसतात. हा पट्टा म्हणजे वादळाची वाट नव्हे. पुढच्या सात दिवसांत ते जिथे कुठे जन्मू शकेल तेवढा तो प्रदेश. पट्टा लुइझियानापाशी संपला म्हणून टेक्सास सुटलं असं होत नाही.

नकाशाखालचा मजकूर जरूर वाचा, तो नकाशापेक्षा बोलका असतो. त्यात दोन आकडे असतात, पुढच्या ४८ तासांची शक्यता आणि पुढच्या सात दिवसांची. एका दिवसाचा आकडा फारसं सांगत नाही, त्याची चाल सांगते. सोमवारी १०, मंगळवारी ३०, बुधवारी ६० असं चढत गेलं तर बुधवारी संध्याकाळी यादी घेऊन बाहेर पडायचं. आठवडाभर २० वरच अडकलेला आकडा बहुधा तिथेच मावळतो. मधेच "इन्व्हेस्ट ९५-एल" असं काही दिसेल. ९० ते ९९ हे आकडे आलटून-पालटून वापरतात, आणि "एल" म्हणजे अटलांटिक. तज्ज्ञांनी त्या पुंजक्याकडे बारकाईने बघायला सुरुवात केली, एवढाच त्याचा अर्थ. क्रमांक मिळाला म्हणून धोका वाढलेला नसतो.

ज्यांना थोडं पुढे जायची हौस आहे त्यांनी उपग्रहाची हलती चित्रं बघायला शिकावं, आणि ती सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत बघावी. रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रात उंच, गार ढग लालभडक दिसतात आणि भलताच गोळा जमल्यासारखा वाटतो. समुद्रावरचे गडगडाटी ढग रात्री फुगतात आणि सकाळी बसतात, हा त्यांचा रोजचा क्रम आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात साध्या चित्रात खालचे छोटे कापशी ढग दिसतात, आणि ते खरं सांगतात. या ढगांच्या ओळी एका बिंदूभोवती वाकताहेत का? दक्षिणेच्या बाजूला ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे नेहमीच्या वाऱ्याच्या उलट, सरकताहेत का? तसं असेल तर खाली वर्तुळ पुरं झालेलं आहे. हे केंद्र आणि पांढरा घट्ट गोळा एकमेकांवर आहेत का, की केंद्र उघडं पडून गोळा शंभर मैल पूर्वेला गेलाय? उघडं केंद्र म्हणजे शिअरचा मार. गोळ्यातून बाहेरच्या दिशेने ढगांच्या बारीक कमानी पळताना दिसल्या तर आत कोरडी हवा शिरलीय, आणि गडगडाटी ढग कोसळून गार हवा बाहेर फेकताहेत. आणि एक खूण सर्वांत महत्त्वाची: दुपारीही गोळा टिकून राहिला, दुसऱ्या दिवशीही राहिला, तर ते वादळ होण्याच्या मार्गावर आहे.

डोळ्यांनी बघण्याची ही विद्या उपग्रहांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हवानाच्या बेलेन वेधशाळेतले पाद्री बेनितो विन्येस फार उंचावरचे पिसासारखे ढग कुठून पसरताहेत त्यावरून हरिकेनचं ठिकाण ताडत. त्यांच्यानंतर १९०० च्या सप्टेंबरमध्ये क्यूबातल्या निरीक्षकांना वादळ आखातात शिरतंय असं दिसत होतं, तर वॉशिंग्टनचं हवामान खातं ते फ्लोरिडावरून उत्तरेला वळेल असं धरून बसलं होतं. त्या खात्याने क्यूबाच्या तारांवर बंदीही घातली होती. ८ सप्टेंबरला गॅल्व्हेस्टन बुडालं आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. जिथे आज आपण सुट्टीच्या दिवशी मुलांना वाळूत खेळायला नेतो, तेच हे बेट.

आता जे बघू नये त्याबद्दल. दर जूनमध्ये मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नकाशा फिरतो: चौदा दिवसांनंतर गॅल्व्हेस्टनवर कॅटेगरी ४. तो खोटा नसतो, अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलच्या एका फेरीचा निकाल असतो. हे मॉडेल दर सहा तासांनी नव्याने चालतं आणि सहा तासांनी तेच वादळ मेक्सिकोत दिसतं, नाहीतर दिसतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला पश्चिम कॅरिबियनमध्ये नसलेली वादळं उभी करायची त्याला सवयच आहे. आठवड्यापलीकडचा एकच एक नकाशा पुढे पाठवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. घाबरवलेली माणसं दोनदा धावतात आणि तिसऱ्यांदा, खऱ्या वेळी, घरात बसून राहतात. बघायचंच असेल तर एन्सेम्बल बघा, म्हणजे थोडीथोडी वेगळी सुरुवात देऊन तेच मॉडेल अनेकदा चालवलेलं. युरोपीय केंद्राच्या एन्सेम्बलमध्ये अशा ५१ वाटा असतात. त्यातल्या पाच-सहाच वाटांवर वादळ असेल तर चहा संपवा. निम्म्याहून जास्त वाटांवर असेल, आणि अमेरिकेचं मॉडेलही तेच म्हणत असेल, तर दखल घ्या.

विरलेल्या वादळावरचीही नजर काढू नये, हे टेक्सासला हार्वीने शिकवलं. १२ ऑगस्ट २०१७ ला एक लहर आफ्रिकेबाहेर पडली. १७ तारखेला बार्बाडोसच्या पूर्वेला तिला हार्वी हे नाव मिळालं. १९ ला कॅरिबियनमध्ये शिअरने तिचं वर्तुळ मोडलं, इशारे थांबले, बातम्यांतूनही ती गेली. उरलेली लहर युकातान ओलांडून २३ तारखेला गरम पाण्यावर आली, पुन्हा वादळ झाली, आणि २५ च्या रात्री रॉकपोर्टजवळ कॅटेगरी ४ होऊन जमिनीवर आली. म्हणजे दुसऱ्या जन्मापासून धडकेपर्यंत तीन दिवससुद्धा नाहीत. मग ती किनाऱ्यापाशीच घोटाळत राहिली. नेडरलंड गावात ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला, दीड हजार मिलिमीटरच्या वर. ज्यांनी १९ तारखेनंतरही सकाळचा आढावा वाचणं सोडलं नव्हतं, त्यांना २० ते २३ हे दिवस मिळाले.

वादळ तयार झालं की बातम्यांत तो पांढरा शंकू येतो, ज्याला सगळे कोन म्हणतात. कोन फक्त केंद्राची संभाव्य वाट दाखवतो, आणि तीनपैकी साधारण दोनच वेळा केंद्र त्याच्या आत राहतं. वारा, पाऊस आणि समुद्राचं चढणारं पाणी कोनाच्या शेकडो मैल बाहेर जातं. २०२४ च्या बेरिलने हे दाखवलं. जूनच्या अखेरीला ते जन्मलं, जुलैच्या सुरुवातीलाच कॅटेगरी ५ झालं. इतक्या लवकर या ताकदीला पोचलेलं वादळ अटलांटिकच्या नोंदीत दुसरं नाही. चार जुलैच्या सुट्टीच्या सुमारास अंदाज मेक्सिकोकडे आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाकडे बोट दाखवत होता. मग तो उत्तरेकडे सरकत गेला, आणि ८ तारखेच्या पहाटे बेरिल मॅटागोर्डाजवळ आत शिरलं. कॅटेगरी फक्त १, तरी ह्यूस्टन परिसरात २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि पुष्कळ घरांत ती कित्येक दिवस आली नाही. जुलैच्या त्या उकाड्यात एसीशिवाय सर्वांत हाल झाले ते म्हाताऱ्या माणसांचे.

म्हणून आढाव्याच्या प्रत्येक रंगाला घरातलं एक काम बांधून टाका. पण पहिलं काम कुठल्याही रंगाआधीचं आहे: पुराचा विमा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, आणि सरकारी योजनेतला पूरविमा घेतल्यावर तो लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जातात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लहर दिसल्या दिवशी घेतलात तरी उशीर झालेला असतो. मे महिन्यातच घ्या. त्याच वेळी आपला पत्ता कोणत्या स्थलांतर-क्षेत्रात येतो ते बघून फ्रिजवर लिहून ठेवा.

आखातात किंवा कॅरिबियनमध्ये पिवळा दिसला की औषधं मोजा. भारतातून आलेल्या आई-बाबांची बीपीची, साखरेची औषधं तिकडून मोजून आणलेली असतात आणि इथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर टाकता येत नाही. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते गार कशात ठेवणार तेही आत्ताच ठरवा. नारिंगी झाला की गाडीची टाकी भरा, पाणी भरा, पासपोर्ट, व्हिसाचे कागद, ग्रीन कार्ड, विम्याची कागदपत्रं एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घाला आणि फोनमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवा. लाल झाला आणि तुम्ही किनाऱ्याजवळच्या क्षेत्रात असाल तर कुठे जायचं, कुणाकडे उतरायचं ते फोन करून पक्कं करा. सॅन अँटोनियो, ऑस्टिन, डॅलसच्या मराठी घरांनी याआधीही दारं उघडली आहेत, विचारायला संकोच करू नका.

वॉच म्हणजे वादळी वारे सुमारे ४८ तासांत येऊ शकतात, वॉर्निंग म्हणजे सुमारे ३६ तासांत येण्याची चिन्हं आहेत. त्यावर थांबून तयारी करणारे सगळे एकाच वेळी रस्त्यावर येतात. २००५ मध्ये रिटाच्या वेळी ह्यूस्टनहून निघालेली माणसं तासन् तास गाड्यांत उकडत अडकली, आणि वादळाच्या वाऱ्या-पाण्यापेक्षा त्या स्थलांतरातच कितीतरी जास्त जीव गेले. पाणी चढणार त्या क्षेत्रातल्यांनी निघायचंच, आणि लवकर निघायचं. आत शहरात, उंचावर, पक्क्या घरात असलेल्यांनी मात्र विनाकारण हायवे अडवू नये. वाऱ्यापासून बचाव घरात होतो.

आणि तयारी करताना अंदाजापेक्षा एक कॅटेगरी वर धरा. २००७ मध्ये हंबर्टो टेक्सासच्या किनाऱ्यासमोर एका दिवसाच्या आत साध्या डिप्रेशनचं हरिकेन झालं. लोक झोपताना जे ट्रॉपिकल स्टॉर्म होतं ते पहाटे हाय आयलंडजवळ हरिकेन म्हणून धडकलं. २०२३ मध्ये पॅसिफिकच्या बाजूला ओटिसने चोवीस तासांच्या आत अशीच मजल मारून कॅटेगरी ५ म्हणून अकापुल्को गाठलं. वादळाची ताकद अचानक वाढणं हे अजूनही अंदाजात सर्वांत अवघड जातं.

जनरेटर आणला असेल तर तो घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली लावू नका, किमान २० फूट लांब ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वादळ येऊन गेलं, आवराआवर झाली, की रिकाम्या बाटल्या आणि बॅटऱ्या आधी भरून ठेवा आणि सकाळी सातचा आढावा पुन्हा सुरू करा. हवा-पाणी एकदा वादळाला अनुकूल झालं की ती स्थिती काही आठवडे टिकू शकते. फ्लोरिडात २०२४ च्या २६ सप्टेंबरला हेलीन आलं आणि ९ ऑक्टोबरला मिल्टन. मधले दिवस फक्त तेरा, आणि हेलीनने रस्त्याकडेला काढून ठेवलेला राडारोडा पुष्कळ ठिकाणी तोवर उचललाही गेला नव्हता.